खुर्द्यातला माणूस

भाद्रपद वद्य चतुर्दशीस, म्हणजे पितृपक्षातल्या ज्या तिथीला घातचतुर्दशी म्हणतात त्या दिवशी, आमच्या घरी एक पान वाढले जात असे. इतर पितरांचे म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीस होत, ज्यांची तिथी घराच्या स्मरणातून गेली ते सर्वपित्री अमावास्येच्या पंक्तीत सामावून जात. पण हे एक पान स्वतंत्र असे, आणि पितरांची दिशा दक्षिण असता ते मात्र उत्तरेकडे तोंड करून मांडले जाई. हे कोणाचे, असे विचारले की आजी सांगे, ‘उत्तरेच्या बाबांचे.’ बाबांचे नाव काय, ते आजोबांचे कोण लागत, उत्तरेस कशासाठी गेले आणि परत का आले नाहीत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. तिच्या सासूने तिला जसे दाखवून दिले होते तसे तिने आयुष्यभर ते पान मांडले, खिरीचा द्रोण त्याच्या उजव्या अंगास ठेवला, आणि कावळ्याने घास घेईपर्यंत परसातल्या उंबऱ्यावर उभी राहिली.

नाव गेले, नाते गेले, तरी तिथी तेवढी राहिली. आणि तिथी हाही एक लेख असतो, हे ध्यानी येण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. घातचतुर्दशी ही शस्त्राने ज्यांचा अंत झाला त्यांच्या श्राद्धाची तिथी आहे. म्हणजे हे बाबा तीर्थयात्रेत वारले नव्हते, पटकीने गेले नव्हते, की संन्यास घेऊन निघून गेले नव्हते. निदान त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांची समजूत तरी तशी नव्हती. शस्त्र, उत्तर दिशा आणि परत न येणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मराठी घरात दुसऱ्या कोणत्या दिवसाची आठवण होणार? शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. १४ जानेवारी १७६१.

अर्थात एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ‘आमचा एक पूर्वज पानिपतात पडला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या इतक्या घरांत ऐकू येते की त्यावर विश्वास ठेवावा असे ज्याला वाटते, त्यानेच प्रथम त्याचा संशय धरला पाहिजे. पण घराची स्मृती इतकी तोकडी का असते, हे आधी समजून घ्यावे. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांची नावे उच्चारली जातात. पहिला वसुरूप, दुसरा रुद्ररूप आणि तिसरा आदित्यरूप. श्राद्ध करणारा स्वतः गेला की त्याचा मुलगा आसनावर बसतो, गेलेला पिता वसुरूपास येतो, आणि काल आदित्यरूप असलेला पुरुष नामोच्चारातून बाहेर पडतो. ही व्यवस्था शास्त्रकारांनी मनुष्याच्या स्मरणशक्तीचे माप नेमके ओळखून केली असावी असे मला नेहमी वाटते, कारण पणजोबाच्या पलीकडचे नाव ज्याला न अडखळता सांगता येईल असा गृहस्थ शंभरांत एखादा सापडेल. शंभर-सव्वाशे वर्षांत माणूस आपल्याच घरातून नाहीसा होतो. उरतो तो कागदात, जर कागदाने त्याची दखल घेतली असेल तर.

आणि पानिपताच्या कागदांनी कोणाची दखल घेतली? सदाशिवरावभाऊंची, विश्वासरावांची, जनकोजी शिंद्यांची, इब्राहीमखान गारद्यांची. नानासाहेब पेशव्यांच्या हाती पराभवाची वार्ता आली ती एका सावकारी पत्रातून, अशी परंपरागत हकीकत आहे. त्या पत्राने मोठ्या माणसांची गणना मोत्यांत आणि मोहरांत केली, आणि रुपये व खुर्दा किती गेला याची मोजदाद होऊ शकत नाही असे कळवले. आमचे उत्तरेचे बाबा हे त्या खुर्द्यातले. किंबहुना आपणा बहुतेकांचे पूर्वज, मग ते पानिपतास गेलेले असोत वा नसोत, इतिहासाच्या हिशेबात खुर्द्यातलेच होत. आणि खुर्द्यातला एक नेमका पैसा अडीचशे वर्षांनंतर ओळखून काढणे शक्य आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

ते पुष्कळदा शक्य असते. मात्र त्यासाठी कागद का लिहिला जातो हे नीट कळले पाहिजे. आठवण राहावी म्हणून सामान्य माणसाविषयी कोणी लिहून ठेवीत नाही. कागद जन्मतो तो वसुलीसाठी, हक्कासाठी आणि भांडणासाठी. ज्याच्या नावावर जमीन होती, ज्याच्याकडून सारा येणे होता, ज्याने भावाशी वतनाचा वाद घातला, ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याने चोरी केली, तो कागदात आहे. आणि जो निमूटपणे जगला, कोणाचे देणे लागला नाही आणि कोणावर फिर्याद घेऊन गेला नाही, त्याचा माग लागणे दुरापास्त. मराठी अमदानीतल्या गावात मिरासदार आणि उपरी असे कुणब्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तिला ‘थळ’ म्हणत, आणि थळाला मूळ कुळाचे नाव चिकटलेले असे. ते कुळ नष्ट होऊन जमीन ओसाड पडली तरी थळझाड्यात तिची नोंद ‘गतकूळ’ म्हणून होई, आणि अशा रीतीने वंश बुडालेल्या घराण्याचे नावही शेताच्या आधाराने तग धरून राही. उपरी मात्र आज या गावी, उद्या त्या गावी. त्याचे नाव एखाद्या सालच्या लावणीच्या यादीत येते आणि पुढच्या साली तेथे दुसरेच नाव असते.

म्हणूनच या कामात पडणाऱ्या प्रत्येकास माझे पहिले सांगणे असे असते की नावाचा माग काढू नये, गावाचा काढावा. जुन्या कागदात आडनाव असेलच असा भरवसा नाही. माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या आणि बापाच्या नावाने: ‘राणोजी बिन तुकोजी’, स्त्री असेल तर ‘कोम’ अमका, म्हणजे अमक्याची बायको, आणि ब्राह्मण स्त्री असेल तर ‘भ्रतार’ अमका. त्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. राणोजीचा तुकोजी आणि तुकोजीचा पुन्हा राणोजी. या रीतीमुळे एखाद्या घरात तेच नाव पुनःपुन्हा उगवते, आणि ज्याला आपण पूर्वज म्हणून मिठी मारतो तो त्याचा आजा किंवा नातू निघतो. गाव मात्र जागचे हलत नाही. तेही तपासून घ्यावे लागते, कारण वडगावे आणि पिंपळगावे ठिकठिकाणी आहेत, एकाच नावाच्या दोन गावांत एक बुद्रुक आणि एक खुर्द असते, आणि ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘परगणे’, ‘प्रांत’ ही जी मालिका गावाच्या नावाला जोडलेली असते ती आजच्या तालुक्या-जिल्ह्यांशी जुळत नाही. तरीही ती मालिका हाती लागली की निम्मे काम झाले असे समजावे.

चालण्याची दिशा उलटी ठेवावी; आपल्यापासून मागे जावे. शाळेचे जनरल रजिस्टर, गाव नमुना नंबर चौदा म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूच्या नोंदीचे पुस्तक, सात-बारा, फेरफार आणि वारसनोंदी, एवढ्यांच्या आधाराने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, आणि नशीब असेल तर त्याच्याही मागे, फारसे कष्ट न पडता पोचता येते. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हे सारे शब्द घरोघर पोचले आणि मोडी वाचणाऱ्याच्या दारात लोक येऊन उभे राहू लागले. मराठवाड्यात तर मोडीच्या जोडीने उर्दू दफ्तरही चाळावे लागले, कारण १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. याच्या मागची पायरी इंग्रजांच्या जमीनमोजणीची. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी नवी पाहणी सुरू केली तिचीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली, आणि क्षेत्र, आकार व खातेदार यांचे सलग तक्ते तयार झाले. आमचे गाव नीरेच्या काठचे. त्यामुळे येथपर्यंतचा माझा प्रवास सुखाचा झाला, आणि पुढे एकदम भिंत आली.

ही भिंत म्हणजे लिपी आणि कालगणना. मोडीत पानभर शिरोरेघ आधी ओढून घेतात आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लोंबवीत जातात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद नसतो, आणि वाक्य संपल्याचे चिन्हही नसते. अक्षरओळख महिन्या-दोन महिन्यांत होते. पण एका कारकुनाचे वळण जुळले म्हणून दुसऱ्याचे जुळेल असे नाही. मी ज्या वर्गात मोडी शिकलो तेथे आमचे गुरुजी पहिल्या दिवशी म्हणाले होते की कागद वाचू नका, आधी तो म्हणून पाहा; आणि खरोखरच, रेघेवर बोट ठेवून मोठ्याने म्हणत गेले की कान जेथे थबकतो तेथे शब्द तुटतो.

कालगणना याहून घातक. मराठी कागदावर मिती तिथीची असेल, किंवा ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्र महिन्याची असेल. साल शकाचे असेल, फसली असेल, वा सुहूर असेल. सुहूर सन मृग नक्षत्री सूर्य येताच बदलतो आणि तो अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत, एकंपासून उलट्या क्रमाने लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे की इसवी १७६०–६१ येते, आणि हेच पानिपताचे साल. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१. नुसत्या संवत्सराच्या नावावर विसंबणाऱ्याने ते नाव साठ वर्षांनी पुन्हा येते हे विसरू नये. मोडकांची जंत्री उशाशी घेऊन झोपण्याइतकी सवय झाली म्हणजे हे सारे अंगवळणी पडते; पण आरंभीच्या दिवसांत एका चुकलेल्या शब्दापायी मी एका मनुष्याला त्याच्या बापाच्या आधी जन्मास घातले होते, आणि त्या चुकीवर तीन महिन्यांचे काम उभे केले होते.

एवढी सिद्धता झाली की पुण्याच्या पुराभिलेखागाराची, लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाने पेशवे दफ्तराची, पायरी चढावी. १८१८ साली राज्य गेल्यावर पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इनामे-वतनांच्या चौकशीसाठी त्यांनी ते जपले. १८९१ पासून ते आजच्या दगडी इमारतीत आहे. कागद ‘रुमालां’त आहेत, म्हणजे चौकोनी कापडात बांधलेल्या गाठोड्यांत, आणि अशा रुमालांची संख्या चाळीस हजारांच्या घरात जाते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे चित्र पालटले; पण ते खंड राजकारणाचे आहेत. खुर्द्यातला माणूस शोधणाऱ्याने रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास आणि पथके या अंगांकडे वळावे. रोजकीर्द म्हणजे सरकारच्या रोजच्या जमाखर्चाची वही. तीत तोफखान्याच्या दारूशेजारी एखाद्या विधवेस दिलेल्या दोन लुगड्यांचा खर्च पडलेला असतो. मी पहिल्यांदा असा एक रुमाल सोडला तेव्हा जाड, किंचित पिवळसर, हाती घेताच कुरकुरणारा तो कागद आणि त्यावर अजूनही चकाकणारे शाईवर टाकलेल्या वाळूचे दोन-चार कण पाहून क्षणभर वाचायचे विसरलो. ती वाळू ज्याने टाकली त्याची बोटे तेथे होती.

पथकांच्या हिशेबांतून माझ्या हाती एक निर्णय लागला, मनुष्य लागला नाही. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा तो शिलेदार, आणि सरकारी किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा हिशेब त्याच्या नावाने पडण्याचा संभव असतो, कारण घोडा त्याचा. बारगिरांची मात्र बहुधा संख्या पडते. घोडा ज्याचा त्याचे नाव, हा न्याय कठोर खरा, पण शोधणाऱ्याला तो माहीत असावा. उत्तरेचे बाबा बारगीर म्हणून गेले असतील तर लष्करी हिशेबांत ते सापडणार नाहीत, हे मी स्वीकारले आणि पुन्हा गावाकडे वळलो.

येथे ज्यांच्यापाशी कागद नाहीत अशांसाठी दोन वाटा सांगतो. एक तीर्थोपाध्यायांची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी, गया येथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, जात, आडनाव, त्याच्या वाडवडिलांची नावे, आणि बहुधा त्याच्याच हातची सही असते. उपाध्यायाला आपले आडनाव सांगण्याआधी मूळ गाव सांगावे, कारण त्याची वही गावावर उघडते. बायका नवऱ्याबरोबर, मुलाबरोबर यात्रेस गेलेल्या असतात, तेव्हा अन्यत्र कोठेही न सापडणारी त्यांची नावे येथे सापडतात. दुसरी वाट हेळव्यांची. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि खाली बेळगावकडे हे लोक सुगी झाल्यावर नंदीबैल घेऊन घरोघर येतात आणि यजमानाच्या कुळाची उत्पत्ती, मूळ गाव, तेथून उठलेल्या शाखा आणि पिढ्यांची नावे दारात उभे राहून एका लयीत सांगतात. धान्य पदरात घेतात आणि त्या वर्षी घरात जन्मलेल्या मुलाचे नाव आपल्या पोथीत चढवून पुढच्या दारी जातात. त्यांच्या सांगण्यातल्या आरंभीच्या पिढ्या देवादिकांपर्यंत पोचतात, त्या सोडून द्याव्या. पण अलीकडच्या सात-आठ पिढ्यांच्या बाबतीत, विशेषतः कोणती शाखा कोणत्या गावी गेली याविषयी, त्यांचे म्हणणे कागदाशी ताडून पाहण्याच्या योग्यतेचे असते. ज्याला आपण अडाणी परंपरा म्हणून दाराशीच परत पाठवतो, ती एका समाजाने पिढ्यान् पिढ्या पायी चालून जतन केलेली असते.

समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले. सारे मिळून साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या बेटावर उतरली आणि त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत प्रत्येकाला क्रमांक आहे, बापाचे नाव आहे, वय, उंची, जात, गाव आणि जहाज आहे. पुढे पुढे छायाचित्रही आहे. पेशव्यांच्या फौजेतून गेलेल्या स्वाराची उंची आम्हास ठाऊक नाही, आणि उसाच्या मळ्यावर गेलेल्या कोकणी मजुराचा चेहरा त्याच्या खापरपणतवाला आज पाहता येतो. ती नोंद मायेपोटी झाली नव्हती, मजूर पळून गेला तर ओळखता यावा म्हणून झाली होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय कारकुनाने नाव लिहिले ते कानाला पडेल तसे. आणि तेथे गेलेल्याचे स्वतःचे नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले, त्यामुळे तिकडून शोधत येणाऱ्याच्या हाती आडनाव म्हणून जे असते ते कोकणातल्या कोणत्याच वाडीत आडनाव म्हणून सापडत नाही. येथेही शेवटी कामास येते ते गावच.

आता माझ्या भिंतीकडे येतो. आमच्या घरात एक वंशावळ होती, चांगल्या जाड कागदावर, बाळबोधीत नक्कल केलेली, आणि तिच्यावर घराचा पूर्ण विश्वास होता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याच्यापाशी इनाम वा वतन होते त्याला ते कोणत्या सनदेने, कोणत्या वंशक्रमाने आपल्याकडे आले हे दाखवणे भाग पडले; महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांच्या वंशावळी त्या धास्तीत लिहिल्या गेल्या. धास्तीत लिहिलेल्या कागदाला एक दोष असतो: तो जे विचारले आहे त्याचेच उत्तर देतो, आणि ज्यामुळे अडचण होईल ते गाळतो. सरकारच्या मंजुरीवाचून झालेले दत्तक ही त्या काळी मोठी अडचण होती. आमच्या वंशावळीत पानिपताच्या सुमारास दोन भाऊ असावेत असा भास होई, परंतु नाव एकाचेच होते, आणि त्याच्या मुलापासून सरळ रेषा खाली येत आमच्यापर्यंत पोचत होती. उत्तरेच्या बाबांना त्या झाडावर फांदीच नव्हती. ते आमच्या वंशाचे नसावेत, एखादे आश्रित किंवा मानलेले नातेवाईक असावेत, या निष्कर्षापर्यंत मी येऊन पोचलो होतो.

माळ्यावरच्या कडूनिंबाचा पाला घालून बांधलेल्या रुमालात एक मोडी कागद होता. तो मी दोनदा वाचला होता आणि दोनदा बाजूस ठेवला होता. दत्तपत्र होते, साल ‘अर्बा सबैन मया व अलफ’, शके १६९५ विजयनाम संवत्सर, म्हणजे इसवी १७७३. मी शोधीत होतो ते १७६१ आणि फार तर त्याच्या पुढची एक-दोन वर्षे. बारा-तेरा वर्षांनंतरच्या दत्तकाशी रणात पडलेल्या माणसाचा संबंध काय, असे मला वाटले, आणि याच ठिकाणी माझी विचारसरणी चुकली होती.

रणात पडला हे आज आपण म्हणतो. त्या वेळी कोणाला ठाऊक होते? प्रत्यक्ष भाऊसाहेबांविषयी पुण्यातच एकमत नव्हते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ साली वारल्या तोपर्यंत सौभाग्यचिन्हे धारण करून राहिल्या, आणि भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्याभोवती हजारो माणसे जमली, त्याचा शेवट करण्यास १७७६ साल उजाडले. जेथे पेशव्यांच्या घरी ही अनिश्चितता, तेथे नीरेकाठच्या एका पाटलाच्या घरी कोण निश्चित वार्ता आणणार? ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्राने वाट पाहण्याची मुदत घालून दिली आहे, ती बारा वर्षांची. त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, ज्याला पालाशविधी म्हणतात, आणि मग सुतक, श्राद्ध, वारसा हे सर्व त्या क्षणापासून चालू होते. बारा वर्षे संपेपर्यंत ती स्त्री विधवा नाही, वतनाची वाटणी नाही, दत्तकही नाही. पौष १६८२ मध्ये बारा मिळवा. १६९४ चा पौष. त्यानंतर येणारे पहिलेच साल १६९५.

कागद पुन्हा सोडला, तेव्हा तो पूर्वी कधी वाचलाच नव्हता असे झाले. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराचा दुसरा मुलगा गोतासमक्ष मांडीवर घेतला होता. नवरा हिंदुस्थानात गेला तो आला नाही, बारा वर्षे लोटली, क्रिया केली, असा त्यातला मजकूर होता. वंशावळीतला ‘एकच’ भाऊ तो थोरला. आणि ज्या मुलापासून आमची रेषा निघते त्याला पुढे कमिशनपुढे त्याच्या जन्मदात्याच्याच खाली दाखवले गेले, म्हणून दत्तक नाहीसे झाले, दत्तकाबरोबर दत्तक बाप नाहीसा झाला, आणि दत्तक घेणारी ती स्त्री तर कोणत्याच झाडावर कधी नव्हती. उत्तरेच्या बाबांचे नाव तिच्या नावापुढच्या ‘कोम’नंतर आले आहे, तिने ते लिहवून घेतले नसते तर ते आज कोठेच नसते. ते पानिपतास पोचले की वाटेतच गेले, यमुनेच्या अलीकडे की पलीकडे, हे कागद सांगत नाही. ‘हिंदुस्थानात’ एवढाच त्याचा शब्द आहे आणि त्याला मी माझ्या हाताने काही जोडणार नाही.

कागदाच्या शेवटी निशाण्या आहेत. थोरल्या पाटलांचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. त्या काळी ज्याला सही येत नसे तो आपल्या धंद्याचे हत्यार काढी किंवा त्याच्यासाठी कुलकर्णी ते काढून देई. स्त्रीची निशाणी बांगडीची. या सर्वांच्या वर एक वर्तुळ आहे, एका अंगास जरा चेपलेले, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘बांगडी’ असा शब्द. क्रिया होऊन गेल्यावर ज्या हातात बांगडी नव्हती त्या हाताची ती निशाणी आहे.

तिच्या मृत्यूची तिथी कोठे मिळाली नाही. घातचतुर्दशी तिची नव्हे, अविधवा नवमीही तिची नव्हे. तेव्हा गेल्या भाद्रपदात सर्वपित्री अमावास्येला तिच्या नावाचे पान मांडले. घरातल्या धाकट्या सुनेने विचारले की याचे तोंड कोणीकडे करायचे, तेव्हा मी तिला उत्तर दिशा दाखवली.